मळलेली वाट नसलेल्या रानात चोवीस तास: पहिल्यांदा रोगेनला उतरणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत गडकोट पायाखाली घातलेली मंडळी नोकरीनिमित्त मेलबर्न-सिडनीला येतात आणि जरा स्थिरस्थावर झाली की विचारतात, "इथे ट्रेक कुठे करायचे?" राष्ट्रीय उद्यानांची यादी कुणीही देईल. माझा सल्ला वेगळा असतो: तीन जणांची टीम जमवा आणि रोगेनला नाव नोंदवा. इथलं रान ओळखायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

रोगेन ही नकाशा वाचत रान तुडवायची सांघिक स्पर्धा. हा खेळ मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबने १९४७ मध्ये चोवीस तास चालण्याची स्पर्धा सुरू केली आणि त्या परंपरेतून हा खेळ आकाराला आला. १९७६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात त्याची पहिली संघटना स्थापन झाली. पहिली जागतिक स्पर्धाही १९९२ मध्ये व्हिक्टोरियातच झाली. आज ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ प्रत्येक राज्याची स्वतःची संघटना आहे, आणि वर्षभर छोट्या-मोठ्या स्पर्धा चालू असतात.

खेळ समजायला सोपा आहे. दोन ते पाच जणांची टीम. सुरुवातीच्या आधी काही तास तुमच्या हातात नकाशा पडतो. त्यावर रानभर विखुरलेले पन्नास-साठ चेकपॉइंट गोल करून दाखवलेले असतात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि बहुतेक स्पर्धांत त्या क्रमांकावरूनच गुण कळतात: ६४ क्रमांकाचा चेकपॉइंट ६० गुणांचा, २७ क्रमांकाचा २० गुणांचा. कुठल्या क्रमाने जायचं, कुठे जायचंच नाही, हे सगळं टीमने ठरवायचं. सगळे चेकपॉइंट घेणं फार थोड्या टीमना जमतं, ते अपेक्षितही नसतं. पूर्ण लांबीची स्पर्धा चोवीस तासांची असते, बहुधा दुपारी बाराला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपणारी. वेळेत परत आलं नाही तर गुण कापले जातात. जीपीएस चालत नाही. हातात नकाशा, कंपास आणि घड्याळ, बस्स.

पुढे बरंच काही सांगणार आहे, पण त्या सगळ्याच्या मुळाशी एकच सवय आहे: आत्ता या क्षणी आपण नकाशावर कुठे आहोत, हे टीममधल्या निदान दोघांना कायम माहीत असायला हवं. सह्याद्रीत ही सवय लागत नाही, कारण तिथे मळलेली वाट असते आणि वाट फुटली तर जवळच्या वाडीत कुणी मामा-मावशी सांगायला असतात. कात्रज-सिंहगड रात्री केलेल्या माणसालाही हे नवं असतं. तिथे टेकड्या बऱ्याच चढाव्या लागतात, पण त्या एकामागून एक ओळीने समोर येतात. रोगेनमध्ये समोर काहीच येत नाही. प्रत्येक वळण आपणच ठरवायचं.

आधी छोटी स्पर्धा निवडा

पहिल्याच फटक्यात चोवीस तासांना नाव देऊ नका. सहा किंवा आठ तासांच्या स्पर्धा असतात, त्यातली एक रानातली स्पर्धा आधी करा. शहरात होणाऱ्या रोगेनला इथे मेट्रोगेन म्हणतात. बागा, पूल, गल्लीबोळ यांतून चेकपॉइंट शोधायचे असतात. घरच्या मंडळींना, मुलांना घेऊन जायला ती छान आहे आणि वेळेचं गणित तिथे उत्तम शिकता येतं. पण मेट्रोगेनमधून डोंगर वाचता येत नाही. रस्त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत तोवर खरी परीक्षा सुरूच झालेली नसते.

चोवीस तासांची निवडताना दोन गोष्टी बघा. एक, पौर्णिमा किती जवळ आहे. आयोजक बऱ्याचदा चांदण्या रात्री धरूनच तारीख ठेवतात आणि मोकळ्या माळरानावर त्याचा फार फरक पडतो. दोन, प्रदेश. व्हिक्टोरियातल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात जमीन फसवी असते: खणून सोडलेले खड्डे, उघड्या विहिरींसारखी तोंडं. आयोजक धोक्याच्या जागा नकाशावर दाखवतात, पण रात्री तिथे धावायचं नाही हे टीमने आधीच ठरवून टाकावं.

टीम कुणाची करायची

पहिल्यांदा तिघांची टीम मला सर्वात बरी वाटते. दोघांत एक थकला की दुसऱ्यावर सगळा भार येतो. पाच जणांत प्रत्येक ओढ्यावर चर्चासत्र भरतं. तिघांत दोघे नकाशा धरतात आणि तिसरा घड्याळ, खाणंपिणं आणि माणसं सांभाळतो. हे तिसरं काम कमी दर्जाचं अजिबात नाही. रात्री एकला कुणाचं बोलणं बंद झालंय, कोण पाणी प्यायलेलं नाही, हे त्याच्याच लक्षात येतं.

जमवताना एकमेकांचा वेग जुळतो का ते पाहा. नियमानुसार टीमला सतत एकत्र राहावं लागतं, हाकेच्या अंतरात, आणि प्रत्येक चेकपॉइंटला सगळ्यांनी पोहोचावं लागतं. 'तुम्ही इथे थांबा, मी पळत जाऊन येतो' हे चालत नाही. बऱ्याच स्पर्धांत प्रत्येकाच्या मनगटाला इलेक्ट्रॉनिक टॅग पक्का बांधतात आणि तो प्रत्येक चेकपॉइंटवर ज्याने-त्याने स्वतः टेकवायचा असतो. म्हणजे टीमचा वेग हा सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग. हे मान्य नसलेला माणूस कितीही दणकट असला तरी पहिल्या स्पर्धेला सोबत नको.

निघण्याआधी तिघांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरं उघड बोलून घ्यावीत. आपण रात्रभर चालणार आहोत की मधे झोपणार? कुणाला थांबायचं असेल तर ते कसं सांगायचं? आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? पहाटे तीनला, थंडीत, झाडीत उभं राहून हे ठरवायची वेळ आली तर मैत्रीवर ताण येतो.

पाठीवर काय घ्यायचं

यादी लांब करण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टींत तडजोड नको. अंगाला सुती कपडे नकोत. घामाने किंवा पावसाने भिजले की ते वाळत नाहीत, आणि व्हिक्टोरियात शरद-वसंतातल्या रात्रीही पारा शून्याजवळ जाऊ शकतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, वर पावसाचं जॅकेट. पाय झाकणारी पँट आणि नडगीवर गेटर्स घ्या, कारण इथली खुरटी झुडपं पाय सोलून काढतात. हेडलॅम्प प्रत्येकाकडे स्वतंत्र, सोबत जादा बॅटरी. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. ती सक्तीची असते आणि मदतीची हाक त्यावरूनच द्यायची असते. फोन बंद करून, गुंडाळून, फक्त संकटासाठी ठेवा. त्या भागात नेटवर्क नसेल हेच गृहीत धरा. शक्य असेल तर उपग्रहाला संदेश पाठवणारा बीकन भाड्याने घ्या.

रुंद इलॅस्टिक क्रेप बँडेज प्रत्येकाकडे हवंच. ऑस्ट्रेलियात सर्पदंशावर प्रथमोपचार असा: दंश झालेला पूर्ण अवयव घट्ट गुंडाळायचा, काडी किंवा फळी बांधून हलू द्यायचा नाही, जखम धुवायची नाही, आणि त्या माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. मदत त्याच्यापाशी आणायची. घरी एकदा एकमेकांच्या पायावर बांधून बघा. पोटरीपासून मांडीपर्यंत जायला एक बँडेज पुरत नाही, हे तेव्हाच कळतं.

आता कंपास. भारतातून आणलेला कंपास इथे नीट चालेलच असं नाही. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला आडवं फिरवतंच, शिवाय खालीवरही ओढतं आणि ही ओढ प्रदेशाप्रमाणे बदलते. म्हणून कंपनी सुईचं वजन त्या-त्या पट्ट्यासाठी बेतते. आपल्याकडच्या पट्ट्यासाठी बनवलेली सुई इथे एका बाजूने खाली झुकते, तळाला घासते आणि अडकते. इथल्या दुकानातून दक्षिण गोलार्धासाठीचा, पारदर्शक पट्टीवर बसवलेला साधा कंपास घ्या.

दुसरी गोष्ट चुंबकीय उत्तरेची. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास शून्य, त्यामुळे तिकडे शिकलेल्याला तो विचारच करावा लागलेला नसतो. व्हिक्टोरियात तो सुमारे ११-१२ अंश आहे. तो विसरलात तर एक किलोमीटर चालून जाईपर्यंत तुम्ही जवळजवळ दोनशे मीटर बाजूला गेलेले असाल. रोगेनच्या नकाशावर सहसा चुंबकीय उत्तरेच्याच रेषा छापलेल्या असतात, मग काही वजाबाकी करावी लागत नाही. पण सरावासाठी साधा सरकारी नकाशा घेतलात तर हे लक्षात ठेवा.

घरी बसून करायचा अभ्यास

कंटूर रेषा, म्हणजे समान उंची जोडणाऱ्या रेषा, डोळ्यांना वळण लागेपर्यंत वाचा. आपल्याकडचे शब्द इथे फार कामाला येतात. उतारावरून उतरत आलेली सोंड, दोन सोंडांमधली घळ, दोन टेकाडांमधली खिंड, घळीतून निघालेला ओढा. इथल्या रोगेनचे बहुतेक चेकपॉइंट याच चार-पाच जागी असतात. नकाशावर सोंड आणि घळ दोन्ही इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दिसतात. टोक खालच्या, म्हणजे कमी उंचीच्या बाजूला असेल तर सोंड, वरच्या बाजूला असेल तर घळ. हे एवढं एक क्षणही न थांबता ओळखता आलं की अर्धी तयारी झाली.

चेकपॉइंटसोबत एका ओळीचं वर्णनही मिळतं. त्यात इंग्रजीतला 'द' असेल तर ती जागा नकाशावर दिसणारी आहे. 'अ' असेल तर ती जमिनीवर आहे पण नकाशात ओळखता येणार नाही एवढी लहान. म्हणून 'अ गली' लिहिलेलं असलं तर कंटूरमध्ये घळ शोधत बसू नका. गोलाच्या मध्यावर विश्वास ठेवून कंपासने जा.

पावलं मोजायचा सराव करा. मैदानावर शंभर मीटर मोजून डावा पाय किती वेळा पडतो ते पाहा. साधारण ६० ते ६५ येतात. तेच रानात, झाडीत, चढावर करून बघा, आकडा वाढतो. तीनही आकडे लक्षात राहायला हवेत.

आणि सूर्य. हे सर्वात जास्त फसवतं. महाराष्ट्रात वर्षाचा बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि आपलं अंग नकळत त्यावरून दिशा ठरवतं. व्हिक्टोरियात दुपारचा सूर्य कायम उत्तरेला असतो. नवखा माणूस दुपारी दोनला छातीठोकपणे उलट दिशेने निघतो, आणि त्याला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. पहिले काही महिने मनातल्या दिशेवर विश्वास ठेवू नका, सुईवर ठेवा. याचाच एक फायदाही आहे: उत्तरेकडे तोंड केलेले उतार ऊन खाऊन कोरडे आणि मोकळे राहतात, दक्षिणेकडचे उतार ओले आणि दाट झाडीचे. दोन सोंडांमधून निवड करायची वेळ आली की हे ध्यानात घ्या.

रात्री ध्रुवतारा दिसणार नाही. त्याऐवजी त्रिशंकू (क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह, सदर्न क्रॉस) शोधा, जो आपल्याकडून एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजाजवळ दिसतो. इथे तो वर चढलेला असतो. त्याचा लांब दांडा त्याच दिशेने साडेचार पट वाढवला की आकाशातला दक्षिण बिंदू मिळतो, तिथून सरळ खाली क्षितिजावर या, ती दक्षिण.

नकाशा हातात आल्यावर

छावणीला इथे हॅश हाऊस म्हणतात. तिथेच नकाशे मिळतात, जेवण मिळतं, तिथूनच सुरुवात आणि तिथेच शेवट. नकाशा मिळाल्यावर लगेच रेघोट्या मारायला घेऊ नका. आधी दहा मिनिटं तिघांनी फक्त बघा. मोठे रस्ते कुठे, मुख्य ओढा कुठून कुठे वाहतो, कुंपणं कुठे, प्रवेशबंदीचे पट्टे कुठे, पाण्याची ठिकाणं कुठे. पेरलेल्या शेतात पाय ठेवायचा नसतो. जमीन शेतकऱ्याची आहे, त्याने ती मोठ्या मनाने दिलेली आहे. काटेरी तारेचं कुंपण ओलांडायचं तर खांबाजवळून, तार न ताणता.

मग दोरा काढा. नकाशाचं प्रमाण १:२५,००० असेल तर चार सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. दोऱ्यावर दर चार सेंटीमीटरला पेनाने खूण करून तो चेकपॉइंटवरून फिरवत न्या, अंतर लगेच कळतं. टाचण्या आणि थर्माकोलचा तुकडा आणलात तर काम आणखी सोपं.

नवख्या टीमने विश्रांती, शोधाशोध, खाणं सगळं धरून दिवसा ताशी तीन किलोमीटर आणि रात्री दोन धरावेत. दोऱ्याने मोजलेलं अंतर सरळ असतं, पायाखालचं नसतं, म्हणून हा वेग कमी वाटला तरी खरा ठरतो. चढाचा हिशेब वेगळा ठेवा: स्कॉटलंडच्या नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला जुना नियम आजही चालतो, सहाशे मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे शंभर मीटर चढ चढायचा तर दहा मिनिटं. डोंगराला वळसा घालणं कधी परवडतं ते यावरून कळतं.

वाट आखताना माझे आग्रह असे आहेत. संध्याकाळी जेवायच्या वेळी हॅश हाऊसजवळून जाईल असा पहिला वेढा ठेवा. रात्रीसाठी सोप्या खुणांचे, रस्त्याजवळचे, मोकळ्या माळावरचे चेकपॉइंट राखून ठेवा. दाट झाडीतले अवघड चेकपॉइंट उजेडातच घ्या, त्यांचे गुण कितीही असोत. शेवटच्या तीन तासांत तर तुमच्या वाटेवरून दोन-तीन ठिकाणी आखूड होऊन परत येता आलं पाहिजे. वेळ उरला तर आणखी एखादा चेकपॉइंट, नाही उरला तर सरळ घरचा रस्ता. शेवटी एकच लांब सोंड उरलेली असेल आणि तिथून सुटायला फाटाच नसेल, तर ती आखणी मोडा.

आखलेली वाट दोन्ही नकाशांवर सारखीच काढा, हायलाइटरने, खालची छपाई दिसेल अशी. नकाशाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, पाऊस येवो न येवो. घामानेही कागद फाटतो.

एक चेकपॉइंट घ्यायचा कसा

समजा तुम्ही कच्च्या रस्त्याच्या वळणावर उभे आहात आणि पुढचा चेकपॉइंट ६४ आहे, वर्णन 'घळीचं वरचं टोक'. नकाशावर वळणापासून ईशान्येला एक सोंड चढत जाते, सातशे मीटरवर तिच्या माथ्यावर छोटं टेकाड आहे, आणि टेकाडावरून आग्नेयेला अडीचशे मीटर खाली ती घळ सुरू होते. रस्त्यावरून थेट रेष मारली तर अंतर कमी आहे, पण मधे दोन घळी ओलांडाव्या लागतील आणि तिसरी घळ आपली की चौथी, हे कळणार नाही.

म्हणून आधी सोंड. निघण्याआधी एक जण मोठ्याने सांगतो: "सातशे मीटर, सतत चढ, आठ कंटूर, म्हणजे ऐंशी मीटर. दोन्ही बाजूंना जमीन खाली जायला हवी. साधारण बावीस मिनिटं." दुसरा घड्याळ बघतो. हे मोठ्याने सांगणं सोडू नका. बोलल्यामुळे तिघांच्या डोक्यात एकच चित्र तयार होतं आणि चित्राशी जमीन जुळेनाशी झाली की तिसराही ओरडू शकतो, "अरे, उजवीकडे जमीन वर का चाललीये?"

टेकाडावर पोहोचलात की थांबा. नकाशा सुईशी जुळवून धरा, अंगठा टेकाडावर ठेवा. कंपासवर दिशा लावा. अडीचशे मीटर म्हणजे झाडीत १७० च्या आसपास दुहेरी पावलं (डावा पाय तितक्या वेळा). एक जण मोजतो, दुसरा सुई बघतो, तिसरा पुढे चेकपॉइंटची केशरी-पांढरी खूण शोधतो. सुई बघणाऱ्याने समोरचं एखादं वेगळं झाड नेमून तिथपर्यंत जायचं, मग पुढचं झाड. सतत सुईकडे बघत चालणारा माणूस ठेचकाळतो आणि वाहवतो.

१७० झाली आणि खूण नाही. आता काय? आधी पायाखाली बघा. घळ खोल होऊन तिच्यात ओढ्याचं पात्र दिसू लागलं असेल तर तुम्ही खाली आला आहात, पात्र धरून वर चला. घळच नसेल तर तिथेच थांबून, एकमेकांना दिसत-ऐकू येत राहून, आजूबाजूला पसरून शोधा. दहा मिनिटांत मिळाली नाही तर परत टेकाडावर. परत जाणं जिवावर येतं, पण पक्क्या ठिकाणावरून केलेला दुसरा प्रयत्न अंदाजाने केलेल्या तासाभराच्या भटकंतीपेक्षा नेहमी स्वस्त पडतो. आणि तिसऱ्यांदा नाही. साठ गुणांसाठी रात्र घालवायची नसते.

कांगारूंच्या वाटांपासून सावध राहा. आपल्या ढोरवाटांसारख्याच त्या झाडीतून आयत्या मिळतात, चालायला सुखाच्या असतात, आणि पाच-दहा अंशांनी हळूहळू तुम्हाला दुसऱ्याच घळीत नेतात. वापरा, पण सुईची दिशा सुटली की वाट सोडा.

बऱ्याच स्पर्धांत चेकपॉइंटवर एक कागद टांगलेला असतो. त्यावर टीमचा क्रमांक, वेळ आणि पुढे कुठे निघालात ते लिहायचं. कंटाळा करू नका. टीम हरवली तर शोधणाऱ्यांकडे तेवढाच धागा असतो. लिहून झालं की तिथेच बसून खाऊ नका, मागून येणाऱ्यांना जागा दिसते. पुढे जाऊन बसा. वाटेत कुणी जखमी भेटलं तर स्पर्धा तिथेच बाजूला ठेवायची, हा या खेळाचा सर्वात पक्का नियम आहे.

रात्र

अंधार पडायच्या अर्धा तास आधी थांबा. थर्मल चढवा, हेडलॅम्प डोक्याला लावा, काहीतरी खा, आणि नकाशावर आपण नेमके कुठे आहोत ते तिघांनी एकमताने पक्कं करा. अंधारात शिरताना जागा पक्की नसेल तर पुढची प्रत्येक चूक तिच्यावर चढत जाते.

रात्री अंतरं मोठी वाटतात आणि चढ उभे वाटतात. म्हणून पावलं मोजणं रात्री सक्तीचं. हेडलॅम्पचा झोत पुढे वीस-तीस मीटर दाखवतो, पण डोंगराचा आकार लपवतो. माळावर चांदणं असेल तर मधूनमधून दिवे मालवून क्षितिजाची रेष बघा, खिंड कुठे आहे ते दिव्यापेक्षा तिच्यावरून जास्त कळतं. गवतात हिरवट-निळे ठिणगीएवढे ठिपके चमकताना दिसतील. ते दवबिंदू समजून अनेक जण वाकून बघतात. ते कोळ्यांचे डोळे असतात, दिवा कपाळाला असला तरच दिसतात. काही करत नाहीत. झाडांमधली जाळी मात्र तोंडावर येतात, पुढच्याने हातात एक काडी धरावी.

रात्री एखाद्या रेषेवर पोहोचायचं असेल, समजा रस्ता आणि ओढा मिळतात तिथे, तर नेमका त्या बिंदूवर नेम धरू नका. मुद्दाम पन्नास-शंभर मीटर डावीकडे धरा. रस्ता लागला की उजवीकडे वळायचं, एवढं पक्कं माहीत असतं. नेम बिंदूवर धरलात आणि चुकलात तर डावीकडे की उजवीकडे, यावरच वाद.

पहाटे दोन ते पाच या वेळात डोकं चालत नाही. साधी बेरीज चुकते, दिशा उलट लागते. नवख्या टीमने हा वेळ हॅश हाऊसवर झोपण्यात घालवावा असं माझं ठाम मत आहे. तीन तास झोपून पहाटे ताजेपणी निघालेली टीम उजेडात जे मिळवते, ते रात्रभर रखडलेल्या टीमला मिळत नाही. कुणाला थांबायचंच असेल तर त्याला हॅश हाऊसवर पोहोचवून, आयोजकांना सांगून मगच बाकीच्यांनी पुढचं ठरवायचं. रानात कुणाला एकटं सोडायचं नाही.

खाणं आणि पाय

हॅश हाऊसवर गरम जेवण मिळतं, स्वयंसेवक रात्रभर चुलीशी असतात, आणि शाकाहारी काहीतरी सहसा असतंच. नोंदणी करताना तुमची गरज लिहा. पाठीवर आपलं खाणं न्यायला हरकत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, तिखट-मीठ लावलेले भाजके चणे. गोड जेल आणि चॉकलेट मध्यरात्रीनंतर घशाखाली उतरत नाहीत. तेव्हा खारट आणि आंबट लागतं, म्हणून लिंबाचं लोणचं छोट्या डबीत घ्या. दर तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका. पाण्यात मीठ-साखर घाला.

पायात टोचायला लागलं की त्याच क्षणी थांबून बूट काढा. लाल झालेल्या जागेला पट्टी लावायला दोन मिनिटं जातात. फोड फुटल्यावर उरलेली स्पर्धाच जाते. ओढा ओलांडून पाय भिजले असतील तर कोरडे मोजे घाला, म्हणून जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत हवी.

शेवटचे दोन तास

गुण कापण्याचा नियम त्या-त्या स्पर्धेच्या कागदावर बघा. सर्वसाधारणपणे उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा गुण जातात आणि अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर सगळेच. म्हणजे सहा मिनिटं उशीर म्हणजे एक मोठा चेकपॉइंट गमावला. संपायच्या दोन तास आधी थांबून मोजा: हॅश हाऊस किती किलोमीटर, किती चढ, थकलेल्या पायांचा आत्ताचा वेग किती. त्यात अर्धा तास जादा धरा. उरलेल्या वेळात बसेल तेवढंच घ्या. शेवटचा किलोमीटर रस्त्याने असेल असं बघा, तिथे हरवायला होत नाही.

परत आल्यावर टॅग देऊन, जेवून, झोपायच्या आधी एक काम करा. नकाशावर पेन्सिलने तुम्ही खरोखर गेलात ती वाट काढा, आखलेल्या वाटेशेजारी, आणि प्रत्येक चेकपॉइंटला किती वाजले तेही लिहा. दोन दिवसांनी हे आठवणार नाही. कुठल्या टप्प्याला दुप्पट वेळ लागला, तिथे चूक दिशेची होती, पावलांची होती की आधीच चुकीच्या घळीतून निघाला होतात, हे बघितलंत तर पुढच्या स्पर्धेत कशाचा सराव करायचा ते तुमच्याच नकाशावर लिहिलेलं सापडेल.

मग तंबूत झोपा. चोवीस तास जागलेल्या माणसाने लगेच गाडी हाती घेऊन शहराकडे निघणं, हा या सगळ्यातला सर्वात मोठा धोका आहे, साप आणि खाणींपेक्षाही. सोमवारी सुट्टी आधीच टाकून ठेवा, किंवा चालवायला असा कुणीतरी सोबत न्या जो रात्री झोपला होता.